ग्रेस हॉपर सांगायची तर वायर घेऊन जा

विज्ञानदिनाला शाळेत बोलायला बोलावलं की मी अमेरिकन संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपरवरच बोलते. बँकेच्या कॉम्प्युटर विभागात बावीस वर्षं कोबोल या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलं, ती भाषा बाईंच्या कामावर उभी, तेव्हा बाईंचं मीठ खाल्लंय म्हणा ना! सातवी-आठवीच्या पोरांना ही गोष्ट कशी सांगायची, ते माझ्या फजितीसकट सांगते.

‘जन्म ९ डिसेंबर १९०६, न्यूयॉर्क’ इथून सुरुवात केलीत की मागची बाकं हातची गेली. आधी वायर वाटा. इलेक्ट्रिकच्या दुकानातून साधी एकेरी वायर आणा, चाळीस मुलांना बारा मीटर पुरते. तुकडे ३० सेंटिमीटरचे कापा. पहिल्या वर्षी मी ढोबळपणे फूट-फूट कापून नेले होते. एका मुलीने पट्टी लावली आणि म्हणाली, “बाई, अर्धा सेंटिमीटर जास्त आहे.” तिचंच बरोबर. सेकंदाच्या शंभर कोटीव्या भागात, म्हणजे एका नॅनोसेकंदात, प्रकाश २९.९८ सेंटिमीटर जातो. हॉपरबाई भाषणांत ११.८ इंचांचे असेच तुकडे वाटायच्या.

आता विचारा: उपग्रहाकडून उत्तर यायला वेळ का लागतो? भूस्थिर उपग्रह ३६,००० किलोमीटरवर. मध्ये असे किती तुकडे बसतील, ते मुलांनाच फळ्यावर करू द्या. शून्यं चुकतात, चुकू द्या. बारा कोटी येतात, तेही नुसते एका बाजूचे. मग मायक्रोसेकंद, म्हणजे हजार नॅनोसेकंद: तीनशे मीटर वायर. दुकानातलं बंडल ९० मीटरचं असतं. अशी तीन संपवून चौथ्यातली तीस मीटर घ्यायची. बाई ९८४ फुटांचं वेटोळं घेऊन फिरायच्या, आपण बंडल नुसतं दाखवलं तरी चालतं. पिकोसेकंदाला, म्हणजे नॅनोसेकंदाच्या हजाराव्या भागाला, बाई मिरीचे कण दाखवत. मी पुडी नेते, पण उघडत नाही. एकदा उघडली होती, अर्धा तास शिंकण्यात गेला.

वायर हातात आली की चरित्र झटपट उरकतं. १९३४ मध्ये येलची गणितातली पीएचडी. १९४३ मध्ये नौदलात, तेही वजन कमी भरलं म्हणून खास सवलत घेऊन. मग हार्वर्डचा मार्क वन संगणक. तो ५१ फूट लांब होता, हे सांगू नका, व्हरांड्यात पावलांनी मोजून दाखवा.

पतंग-किड्याची गोष्ट मुलं मागतातच, पण नीट सांगा. ९ सप्टेंबर १९४७ ला मार्क टू संगणकाच्या रिलेत, म्हणजे विजेच्या स्विचमध्ये, पतंग अडकलेला सापडला आणि नोंदवहीत चिकटवला गेला. तो बाईंनी पकडला नाही, त्यांनी गोष्ट जगभर केली. बिघाडासाठी ‘बग’, म्हणजे किडा, हा शब्दही एडिसनच्या पत्रात आधीपासून आहे.

कंपायलर, म्हणजे आपल्या आज्ञा मशीनच्या भाषेत बदलणारा प्रोग्रॅम, समजवायला मी चहा करते, कार्डांवर. १ पाणी उकळणे, २ साखर, ३ पावडर, ४ दूध, ५ गाळणे. एक मूल मशीन होतं, दुसरं फक्त आकडे लिहून देतं. बाईंच्या १९५२ च्या ए-झिरो कंपायलरमध्ये असंच होतं: तयार तुकडे टेपवर, त्यांना क्रमांक, आणि मशीनने ते स्वतः शोधून जोडायचे. पुढे बाईंच्या फ्लो-मॅटिक भाषेत आज्ञा इंग्रजी शब्दांत आल्या, आणि १९५९ मध्ये एका समितीने कोबोल आखलं तेव्हा त्याचा मोठा आधार घेतला. इथे फळ्यावर ‘ॲड व्याज टू शिल्लक.’ लिहा, पूर्णविरामासकट. माझं एक टिंब राहिलं होतं, तर रात्रीची अख्खी बॅच पुन्हा चालवावी लागली.

शेवटी कोणीतरी विचारतंच, “बाई, त्या रिटायर कधी झाल्या?” नौदलाने १९६६ मध्ये केलं होतं की! १९६७ मध्ये सहा महिन्यांसाठी म्हणून परत बोलावलं. शेवटची निवृत्ती १९८६ मध्ये, बोस्टनला, कॉन्स्टिट्यूशन जहाजावर, रिअर ॲडमिरल म्हणून. वय ७९.

वायरी मात्र परत मागू नका.