शंभर कैद्यांचं कोडं टप्प्याटप्प्याने कसं सोडवावं

१०० कैद्यांना १ ते १०० असे क्रमांक दिले आहेत. एका खोलीत १०० बंद पेट्या आहेत, त्यांवरही १ ते १०० क्रमांक. प्रत्येक पेटीत एक चिठ्ठी, चिठ्ठ्यांवर तेच आकडे, पण कुठली चिठ्ठी कुठल्या पेटीत याला काही धरबंध नाही. कैदी एकेक करून आत जाणार. प्रत्येकाने फार तर ५० पेट्या उघडून आपल्या क्रमांकाची चिठ्ठी शोधायची, सगळं होतं तसं ठेवून निघायचं, मागून येणाऱ्यांना काही सांगायचं नाही. सगळ्या शंभरांना आपापली चिठ्ठी मिळाली तर सगळे सुटले. एकाची जरी हुकली तरी कोणीच सुटत नाही. सुरुवातीआधी हवी तेवढी खलबतं करायला मात्र मोकळीक आहे.

या कोड्याचं मूळ डॅनिश संगणकशास्त्रज्ञ पीटर ब्रो मिल्टरसेन आणि आना गाल यांच्या २००३ सालच्या शोधनिबंधात आहे. उत्तराची युक्ती सुचली ती मिल्टरसेन यांचे सहकारी स्वेन स्क्यूम यांना.

पहिली पायरी: अडचण नेमकी ओळखा. प्रत्येकाने मनाला येतील त्या पेट्या उघडल्या तर एकेकाची शक्यता निम्मी. शंभरही जण यशस्वी व्हायचे तर हा अर्धा शंभर वेळा गुणावा लागतो. उत्तरात दशांशचिन्हानंतर ३० शून्यं येतात.

इथे बहुतेक जण एकट्या कैद्याची शक्यता वाढवायच्या मागे लागतात आणि तिथेच अडकतात. ती वाढतच नाही. निम्म्या पेट्या पाहणाऱ्याला ५० टक्क्यांहून जास्त काही मिळू शकत नाही. बदलता येतं ते एवढंच, की कोण कोणाबरोबर हरतो. जे हरायचे ते सगळे एकाच वेळी हरले, तर उरलेल्या वेळी सगळे एकदम जिंकतील. या कोड्याचा सगळा जीव या एका विचारात आहे.

दुसरी पायरी: नियम ठरवा. आधी आपल्याच क्रमांकाची पेटी उघडायची. आत जो आकडा निघेल त्या क्रमांकाची पेटी पुढे. असं आपली चिठ्ठी मिळेपर्यंत किंवा ५० पेट्या संपेपर्यंत.

तिसरी पायरी: कागदावर करून बघा. हे वाचून पटत नाही, हाताने करावं लागतं. ८ पेट्या घ्या, प्रत्येकाला ४ संधी. समजा पेटी १ ते ८ मध्ये क्रमाने ५, ७, ३, १, ८, २, ६, ४ या चिठ्ठ्या आहेत. पहिला कैदी पेटी १ उघडतो, ५ निघतो. पेटी ५ मध्ये ८, पेटी ८ मध्ये ४, पेटी ४ मध्ये १. चौथ्या पेटीत काम झालं. म्हणजे १, ५, ८, ४ ही एक बंद साखळी, आणि या चौघांनाही चार संधी पुरतात. दुसरी साखळी २, ७, ६ अशी, आणि ३ आपल्याच पेटीत. सगळे सुटले.

आता पेटी ४ आणि ६ मधल्या चिठ्ठ्यांची अदलाबदल करा. दोन्ही साखळ्या जोडल्या जाऊन सात जणांची एक लांब साखळी होते, आणि ते सातही जण एकदम हरतात. हरणं असं एका जागी गोळा होतं.

चौथी पायरी: शक्यता मोजा. आपण ज्या पेटीपासून सुरुवात करतो ती आपल्याच साखळीत असते, कारण आपल्या चिठ्ठीवरूनच साखळी पुन्हा त्या पेटीवर येते. त्यामुळे प्रश्न एकच उरतो: ५० पेक्षा लांब साखळी आहे का? अशा दोन साखळ्या १०० पेट्यांत मावत नाहीत, हे आपलं भाग्य. हिशेब त्यामुळे फार सोपा होतो. ५० पेक्षा मोठ्या कुठल्याही लांबीची, समजा ६० ची, साखळी असण्याची शक्यता बरोबर १/६० निघते. कसं ते बघा: १०० मधून ६० आकडे निवडायचे, ते ५९! (म्हणजे ५९ × ५८ × … × १) प्रकारांनी वर्तुळात मांडायचे, उरलेले ४०! प्रकारांनी. गुणाकार येतो १००! भागिले ६०, आणि एकूण मांडण्या १००! आहेतच.

म्हणून हरण्याची शक्यता १/५१ + १/५२ + … + १/१००, म्हणजे सुमारे ०.६८८. सुटण्याची ३१.१८ टक्के. कैदी कितीही वाढवले आणि प्रत्येकाला निम्म्या पेट्या उघडू दिल्या, तरी ती ३०.६८ टक्क्यांच्या खाली जात नाही. याहून चांगली युक्ती असूच शकत नाही, हे यूजीन कर्टिन आणि मॅक्स वॉरशॉअर यांनी २००६ मध्ये सिद्ध केलं.

पाचवी पायरी: लबाड जेलरचा बंदोबस्त करा. युक्ती कानावर पडल्यावर त्याने मुद्दाम लांब साखळी रचली तर? कैद्यांनी आपसात पेट्यांना गुपचूप नवे क्रमांक द्यायचे, कसेही पण सगळ्यांनी तेच. मग त्याने काहीही रचलं तरी शक्यता पुन्हा ३१.१८ टक्केच.

आणि खेळाआधी एखाद्या मदतनिसाला सगळ्या पेट्या उघडून फक्त दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल करू दिली, तर सुटका शंभर टक्के पक्की. ५० पेक्षा लांब साखळी असलीच तर एकच असते, आणि दोन चिठ्ठ्या बदलून तिचे हवे तसे दोन तुकडे करता येतात. वरच्या सात जणांच्या साखळीवर करून बघा: पेटी ४ आणि ६ सोडून आणखी कुठल्या जोड्या चालतील?