पाकिस्तानी मालिका पाहायला सुरुवात कशी करावी

पाकिस्तानी मालिका समजून घ्यायच्या असतील, तर आज गाजत असलेल्या मालिकेआधी १९८७ची ‘धूप किनारे’ पाहावी. कराचीतल्या रुग्णालयात घडणारी, हसीना मोईन यांनी लिहिलेली ही मालिका सरकारी पीटीव्हीवर आली. तेव्हा स्पर्धेला दुसरी वाहिनीच नव्हती, त्यामुळे प्रेक्षक पळू नये म्हणून प्रसंग ताणण्याची गरज पडत नसे आणि संवादांतल्या मिस्कीलपणाला भरपूर वाव मिळे.

त्यानंतर थेट २०११च्या ‘हमसफर’वर यावे. मधल्या काळात, २००२पासून, खासगी वाहिन्यांना परवाने मिळू लागले आणि मालिका जाहिरातदारांच्या गणितावर चालू लागल्या. दोन्ही लागोपाठ पाहिल्या की फरक लगेच जाणवतो: थट्टेखोर तरुण डॉक्टरच्या जागी सोशिक सून आणि कारस्थानी सासू आलेली असते. चित्रीकरण देखणे झाले, पण लेखनात हा तोटाच झाला, असे माझे मत आहे. अर्थात ‘उडारी’सारखे (२०१६) अपवाद आहेत, मुलांच्या लैंगिक शोषणावर बोलल्याबद्दल तिच्या वाहिनीला नियामक संस्थेची, म्हणजे पेमराची, नोटीस आली होती.

उर्दूची धास्ती बाळगू नये. फिर्याद, तक्रार, जामीन, दस्तऐवज हे शब्द आपल्याकडेही फारसी-अरबीतूनच आलेले आहेत. मात्र लग्नासंबंधीचे शब्द आधी समजून घ्यावेत, कारण कथानक बऱ्याचदा त्यांच्यावरच फिरते. निकाह झाला तरी रुखसती, म्हणजे मुलीची पाठवणी, पुष्कळ दिवसांनी होऊ शकते, आणि या मधल्या काळातच अनेक कथा घडतात. पत्नीने मागितलेल्या विवाहविच्छेदाला खुला म्हणतात. पडद्यावर तीनदा तलाक म्हणताच संसार संपतो. प्रत्यक्षात १९६१च्या कायद्यानुसार पतीला युनियन कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या स्थानिक स्वराज्य संस्थेच्या, अध्यक्षांना लेखी सूचना द्यावी लागते आणि त्यानंतर ९० दिवस जावे लागतात.

पाहायच्या कुठे, हा प्रश्न भारतात अवघड आहे. २०१४ साली सुरू झालेल्या ‘जिंदगी’ वाहिनीने २०१६मध्ये या मालिका थांबवल्या आणि मे २०२५मध्ये सरकारने ओटीटी मंचांनाही पाकिस्तानी कार्यक्रम बंद करण्यास सांगितले. परदेशातल्या मराठी वाचकांना मात्र वाहिन्यांच्या अधिकृत यूट्यूब पानांवर बहुतेक भाग मोफत मिळतात. निवड करताना आठवड्यातून एकदाच लागणारी आणि पंचवीस-तीस भागांत संपलेली मालिका घ्यावी; रोज लागणाऱ्या मालिका सहसा लांबत जातात.