अप्लाइड आर्टची इंटर्नशिप वाया घालवणाऱ्या या चुका टाळा

ओजेटीचे (ऑन-द-जॉब ट्रेनिंग, म्हणजे कामावरच्या प्रशिक्षणाचे) तास भरले, सर्टिफिकेट मिळालं, पण पोर्टफोलिओत दाखवायला चार सोशल मीडिया पोस्ट सोडून काही नाही. ही रड अप्लाइड आर्टच्या मुलांकडून नेहमी ऐकू येते आणि खापर स्टुडिओवर फुटतं. थोडा दोष त्यांचा असतोही. पण कॉलेजात आपण डिझाइन करायला शिकतो, ते पुढच्या माणसाच्या हाती सोपवायला नाही. बाहेर गाडी अडते ती नेमकी तिथेच.

नाव बघून जागा निवडणं. मोठ्या एजन्सीत इंटर्नच्या वाट्याला बहुधा एकाच जाहिरातीची वेगवेगळ्या मापांतली रूपं येतात. पेठेतल्या पाच माणसांच्या स्टुडिओत ब्रीफपासून (क्लायंटला काय हवंय ते) छपाईच्या प्लेटपर्यंत सगळं दिसतं, शिवाय मालक क्लायंटशी फोनवर हुज्जत घालताना ऐकू येतो. तेही शिक्षणच. मुलाखतीत विचारा: मी कोणाच्या हाताखाली असेन? काम छापायला जाईल तेव्हा प्रेसमध्ये येऊ का?

स्क्रीनवर छान दिसलं म्हणजे झालं, असं समजणं. आरजीबीत (स्क्रीनचे लाल, हिरवा, निळा) केलेलं काम सीएमवायकेत (छपाईच्या निळसर, गुलाबी, पिवळ्या, काळ्या शाया) बदललं की काळा रंग चारही शायांत विभागला जातो. छापताना एखादी प्लेट केसभर सरकली, तर बारीक अक्षरांना रंगीत सावली पडते. म्हणून बारीक मजकूर फक्त 100 टक्के ब्लॅकमध्ये ठेवा. कडांना 3 मिमी ब्लीड (कापण्यासाठी बाहेर वाढवलेला भाग) आणि फोटो छापायच्या मापाला 300 डीपीआय (इंचाला इतके ठिपके), हे तर पाठच असायला हवं. वर्तमानपत्राच्या कागदावर शाई पसरते. काळ्या पट्टीवर पांढऱ्या बारीक अक्षरांत मराठी टाकलंत, तर आधी अनुस्वार बुजतो आणि ‘बंद’चं ‘बद’ होतं. तिथे वजनदार फाँट घ्या, माप वाढवा.

देवनागरी फुटली की हाताने जुळवत बसणं. हा रोग सगळ्यात जास्त. इलस्ट्रेटर या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर पेस्ट केला की पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते, जोडाक्षरांत हलन्त दिसू लागतो. फाँटला शिव्या देऊ नका. प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात इंडिक ऑप्शन्स सुरू करा आणि पॅराग्राफ पॅनेलच्या मेन्यूतून साउथ एशियन कंपोझर निवडा. इनडिझाइनमध्ये त्याच जागी वर्ल्ड-रेडी कंपोझर असतो. वेलांटी हाताने सरकवून वेळ मारून नेता येते, पण क्लायंटने एक शब्द बदलला की सगळं पुन्हा विस्कटतं.

जुन्या डीटीपी ऑपरेटरकडून श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला मजकूर आला, तर युनिकोड फाँटमध्ये तो अगम्य चिन्हांची रांग दिसेल. कन्व्हर्टरमधून काढा आणि मग रफार, जोडाक्षरं डोळ्यांत तेल घालून तपासा. प्रेसला देताना आउटलाइन करा (अक्षरांचे आकार बनवा, म्हणजे फाँट लागत नाही), पण त्याआधीची फाइल वेगळी जपून ठेवा. ही कामं कमी लेखू नका. 2022 च्या कायदादुरुस्तीनंतर महाराष्ट्रातल्या लहान दुकानांनाही पाटीवर मराठी देवनागरी लिहिणं बंधनकारक झालं आणि ती अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. ती नीट मांडू शकणारे हात बाजाराला हवेच आहेत.

काम कोणाचं, हे न विचारणं. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, सर्वसाधारणपणे नोकरी देणारा असतो. इंटर्न नोकरदार धरला जाईल की नाही, हे नेमणुकीच्या पत्रात काय लिहिलंय त्यावर बरंच अवलंबून. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखीच द्यावे लागतात, आणि मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. पोर्टफोलिओत काय दाखवता येईल, हे रुजू होतानाच ईमेलवर विचारून घ्या. जाहिरात बाजारात येण्याआधी ती इन्स्टाग्रामवर टाकणं तर अक्षम्यच. टीमच्या कामाखाली स्वतःचा वाटा स्पष्ट लिहा: टाइपसेटिंग माझं, संकल्पना टीमची.

राहिला पैसा. कोणी मनापासून शिकवत असेल तर महिनाभर बिनपगारी काम समजू शकतो, पण तुमच्या कामाचं बिल क्लायंटला जात असेल तर स्टायपेंड मागायला लाजू नका. निवडीच्या ‘टेस्ट’मध्ये कोणी चालू क्लायंटचा अख्खा लोगो मागितला, तर एखादं रफ स्केच द्या, मूळ फाइल नको.