सप्रेसर लावल्यावर एआर-१५ अडकू लागली तर काय तपासावे

सप्रेसर, म्हणजे नळीच्या तोंडावरचे आवाज कमी करणारे उपकरण, लावण्यापूर्वी विनातक्रार चालणारी एआर-१५ रायफल तो लावताच अडकू लागली, तर सप्रेसर बिघडलेला असण्याची शक्यता कमी असते. बहुतेक वेळा रायफलीला गरजेपेक्षा जास्त गॅस मिळू लागलेला असतो. या रायफलीत गोळीमागच्या गॅसचा थोडा भाग नळीवरील छिद्रातून, म्हणजे गॅस पोर्टमधून, घेतला जातो आणि बारीक गॅस ट्यूबमधून मागे येऊन बोल्ट कॅरिअरला, म्हणजे बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा भाग) वाहून नेणाऱ्या सरकत्या भागाला, ढकलतो. एरवी गोळी नळीबाहेर पडताच दाब झटकन उतरतो. सप्रेसरच्या कप्प्यांत मात्र गॅस कोंडून राहत असल्याने दाब सावकाश उतरतो, कॅरिअरला अधिक काळ जोर मिळतो आणि बोल्ट वाजवीपेक्षा वेगाने मागे जातो.

हे मार्गदर्शन अमेरिकेतील कायदेशीर मालकांसाठी आहे. तेथे १९३४ च्या कायद्यानुसार सप्रेसरची संघराज्य पातळीवर नोंदणी करावी लागते. १ जानेवारी २०२६ पासून त्यावरील २०० डॉलरचा कर शून्य झाला असला, तरी नोंदणी सुटलेली नाही. न्यू जर्सी आणि कॅलिफोर्निया या मराठी वस्ती मोठी असलेल्या राज्यांत सामान्य नागरिकाला सप्रेसर बाळगताच येत नाही. भारतातही १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या व्याख्येत आवाज कमी करणारी जोडणी अग्निशस्त्रातच मोडते.

प्रथम मॅगझिन काढावे, बोल्ट मागे अडकवावा आणि चेंबर, म्हणजे काडतूस बसते ती नळीमागची जागा, रिकामे असल्याची डोळ्यांनी व बोटाने खात्री करावी. त्यानंतर सप्रेसर पूर्ण आवळलेला आहे का आणि तो नळीच्या सरळ रेषेत आहे का, हे नळीत घालण्याच्या तपासणी सळईने पाहावे. सळई सप्रेसरच्या तोंडाच्या मध्यातून बाहेर येत नसेल, तर एकही गोळी झाडू नये.

पुढची पायरी अनेक जण गाळतात. त्याच काडतुसांवर आणि त्याच मॅगझिनसह रायफल सप्रेसरविना चालवून पाहावी, मग सप्रेसर लावून मॅगझिन बदलावे. रायफल सप्रेसरविनाही अडकत असेल, तर गॅसच्या मागे लागण्यात अर्थ नाही. एक्स्ट्रॅक्टरची (पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याची) थकलेली स्प्रिंग, झिजलेल्या गॅस रिंग (बोल्टवरच्या गॅस अडवणाऱ्या कड्या) किंवा मॅगझिनची सैल स्प्रिंग तपासावी.

सप्रेसरसहच अडकत असेल, तर रिकाम्या पुंगळ्या गोळा करून नीट पाहाव्यात, कारण खरा पुरावा त्यांच्यावर असतो. नळीची दिशा घड्याळातील १२ धरली, तर पुंगळ्या साधारण ३ ते ४.३० च्या दिशेने पडायला हव्यात. त्या १ किंवा २ कडे, म्हणजे पुढे, फेकल्या जात असतील, तर बोल्ट फार वेगात आहे. पुंगळीच्या कडेला एक्स्ट्रॅक्टरने तुकडा तोडल्यासारखी खाच दिसली, तर चेंबरमधील दाब पुरता उतरण्याआधीच, पुंगळी भिंतींना चिकटलेली असताना ती ओढली गेली आहे. बोल्ट वरच्या काडतुसाच्या बुडामागे न लागता त्याच्या अंगावर चढून बसत असेल, तर मॅगझिनची स्प्रिंग काडतूस वर उचलण्याआधीच बोल्ट परतलेला असतो. एवढ्यावरून मात्र निदान पक्के होत नाही, कारण गॅस कमी पडून बोल्ट पुरता मागे न गेल्यासही अगदी हेच दिसते. तेव्हा पुंगळ्या मलूलपणे मागच्या बाजूला पडतात. मॅगझिन संपल्यावर बोल्ट मागे न अडकण्याचेही तसेच आहे. अतिवेगामुळे बोल्ट कॅच, म्हणजे बोल्टला मागे धरणारा खटका, चुकूनही ते घडते.

जास्त गॅस हेच कारण ठरले, तर एका वेळी एकच बदल करावा. सर्वांत स्वस्त आणि सहज उलटवता येणारा उपाय म्हणजे जड बफर, म्हणजे बोल्ट कॅरिअरच्या मागे स्प्रिंगसह सरकणारे वजन. नेहमीचा कार्बाईन बफर सुमारे ८५ ग्रॅमचा असतो. त्याऐवजी सुमारे १०८ ग्रॅमचा ‘एच’ आणि गरज पडल्यास सुमारे १३० ग्रॅमचा ‘एच-२’ वापरून पाहावा. तरीही माझे मत असे की, गॅस उगमापाशीच कमी करणे अधिक योग्य, कारण जड बफर वेग रोखतो, पण चेहऱ्यावर येणारा गॅस आणि चेंबरमधील काजळी कमी करत नाही.

त्यासाठी समायोज्य गॅस ब्लॉक, म्हणजे गॅस पोर्टवर बसणारा आणि गॅस कमी-जास्त करता येणारा भाग, बसवावा. रेंजवर, सप्रेसर लावून, ब्लॉक जवळजवळ बंद करावा आणि मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरून झाडावे. बोल्ट मागे अडकेपर्यंत प्रत्येक वेळी एकेक खाच उघडत जावे. बोल्ट असा मागे थांबू लागला की वापरातील सर्वांत कमजोर काडतुसांवर हीच चाचणी पुन्हा करावी आणि मळ व थंडीसाठी आणखी एक-दोन खाचा उघड्या ठेवाव्यात. मधल्या काळात सप्रेसर भाजण्याइतका तापतो, त्याला उघड्या हाताने शिवू नये; कानांचे संरक्षणही काढू नये, कारण ध्वनीपेक्षा वेगवान गोळीचा कडाका सप्रेसरने जात नाही.

.३०० ब्लॅकआऊट या काडतूस-प्रकारातील मंद, ध्वनीपेक्षा कमी वेगाच्या काडतुसांचा प्रकार उलटा आहे. अनेक रायफली त्यांवर सप्रेसर असेल तरच पुरत्या चालतात, म्हणून तेथे गॅस कमी करण्याची घाई नको.

सप्रेसरसाठी जुळवलेली रायफल सप्रेसर काढल्यावर गॅसअभावी अडखळू शकते, तेव्हा दोन्ही स्थितींच्या खाचा मोजून लिहून ठेवाव्यात. बोल्टला तेल नेहमीपेक्षा थोडे जास्त द्यावे आणि चेंबर अधिक वेळा साफ करावे. साफसफाईत बोल्टच्या दात्यांपाशी बारीक तडा दिसला, तर तो बोल्ट पुन्हा वापरू नये.