मंडळाची वेबसाइट: आधी तारीख, मग तंबोरा

संगीत मंडळाची वेबसाइट उघडली की बऱ्याचदा आधी दिसतो तो तंबोऱ्याचा भलामोठा फोटो, त्याखाली संस्थेचा इतिहास. पुढची मैफल कधी, कुठे, प्रवेश विनामूल्य की देणगी-प्रवेशिका, हे मात्र शोधत बसावं लागतं. येणाऱ्याला तर तेवढंच हवं असतं.

पहिलं काम डोमेनचं (म्हणजे साइटच्या पत्त्याचं). ते मंडळाच्या ईमेलवर घ्या, पासवर्ड दोघांकडे ठेवा. मी मदत केलेल्या एका मंडळाचं डोमेन एका कार्यकर्त्याच्या खासगी ईमेलवर होतं. तो नोकरीसाठी परदेशी गेला, नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या जुन्या पत्त्यावर पडून राहिल्या आणि ऐन दिवाळी पहाटेच्या तोंडावर साइट बंद पडली.

मग पहिला पडदा. फोनवर न सरकवता एवढं दिसायला हवं: कलाकार, वार आणि सालासकट तारीख, वेळ, सभागृह, नकाशाची लिंक आणि बोट लावताच फोन लागेल असा नंबर. साल विसरू नका. ‘येत्या रविवारी’ असं लिहिलेलं पान दोन वर्षांनीही तसंच असतं.

आता सगळ्यात जास्त चुकतं ते. निमंत्रणपत्रिका छापखान्यातून आली की तिचा फोटो साइटवर चिकटवून काम झालं, असं समजतात. चित्रातली अक्षरं फोनवर बारीक होतात, दृष्टिहीन श्रोत्याचं वाचन-सॉफ्टवेअर तिथे सहसा अडतं, आणि कलाकाराचं नाव शोधणाऱ्याला पान सापडेलच असं नाही. म्हणून मजकूर टाइप करा, तोही युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर नीट उमटणाऱ्या अक्षरांत. छापखान्याची फाइल जुन्या फॉन्टमधली असेल तर ती चिकटवताच वेड्यावाकड्या रोमन खुणा उमटतात. आधी ती युनिकोडमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढा आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. ‘मुक्त’सारखा मोफत फॉन्ट चांगला. ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीड पटीहून थोडं जास्त ठेवा, नाहीतर वरचे उकार खालच्या वेलांट्यांवर आदळतात. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी अशी नोंदवली, तर काही फॉन्ट ल आणि श आपल्या वळणाचे दाखवतात. फारसं कुणाच्या लक्षात येत नाही, पण मला त्यात समाधान वाटतं.

गायकाची स्वतःची साइट असेल तर तास-दीड तासाचं ध्वनिमुद्रण नको. आयोजकाला तीन-चार मिनिटांत आवाज कळतो. एक विलंबितातला तुकडा, एक द्रुतातला, हवं तर एक अभंग. आपोआप वाजायला लावू नका, ऑफिसात बसलेला माणूस दचकून पान बंद करतो. तबला आणि हार्मोनियमच्या साथीदारांची नावं लिहा, क्लिप टाकण्याआधी त्यांना विचारा. हा केवळ शिष्टाचार नाही. सादरकर्त्याचे हक्क 1994च्या दुरुस्तीपासून कॉपीराइट कायद्यातच आहेत.

फोटो दोनशे केबीच्या आत आणा. व्हॉट्सॲपवर लिंक पाठवताना दिसणारं चित्र वेगळं ठरवावं लागतं. 1200 बाय 630 पिक्सेलचं पुरतं. आपल्याकडे साइट पसरते ती गटांमधूनच, तेव्हा हे टाळू नका.

झालेल्या मैफली पुसू नका, वर्षवार खाली सरकवा.

साइट झाली की अध्यक्षांना दाखवू नका, ते कौतुकच करतील. एखाद्या ज्येष्ठ श्रोत्याच्या हातात फोन द्या, ‘पुढची मैफल कुठे आहे?’ एवढंच विचारा आणि गप्प बसा. चष्मा शोधण्याचा वेळ सोडून दहा सेकंदांत उत्तर आलं नाही, तर तंबोरा आणखी खाली सरकवा.