न्यू जर्सीला मुलांकडे जाताय? मग एक अख्खा दिवस फिलाडेल्फियासाठी काढा

फोंडा, म्हापसा, डिचोली बाजूच्या बऱ्याच घरांतून आजकाल आईबाबा चार-सहा महिने न्यू जर्सीला मुलाकडे नाहीतर लेकीकडे जाऊन राहतात, आणि निघायच्या आधी हमखास विचारतात की तिकडे बघायचं काय. न्यूयॉर्क होतंच, नायगारा होतोच, ते कोणी सांगावं लागत नाही. मी सगळ्यांना एकच सांगते, फिलाडेल्फियाला जा आणि पूर्ण दिवस द्या. वॉशिंग्टनला जाता जाता गाडी थांबवून तिथल्या प्रसिद्ध लिबर्टी बेलसमोर, म्हणजे घंटेसमोर, फोटो काढला आणि पुढे, असं करू नका. जुन्या गोव्यात आपण हे रोज बघतो, बस येते, माणसं उतरतात, बॉम जेझूसमध्ये एक फेरी, बाहेर फोटो, आणि अर्ध्या तासात बस मिरामारच्या वाटेला, चालत जाण्याएवढ्या अंतरावर सेंट ऑगस्टीनचा पडका मनोरा उभा आहे तिकडे ढुंकूनही बघत नाहीत. आपल्या गावाचं असं झालं की जीव तुटतो, मग दुसऱ्याच्या गावी जाऊन आपण तरी तसं करायला नको.

आधी पोचायचं कसं ते सांगते, कारण मुलं कामावर असतात आणि आईबाबा घरात अडकून पडतात, आणि खरं सांगायचं तर या शहरासाठी गाडी लागतच नाही. एडिसन, मेट्रोपार्क, न्यू ब्रन्सविक, यातल्या कुठल्याही स्टेशनवरून न्यू जर्सी ट्रान्झिटची ट्रेन पकडायची ती ट्रेंटनला संपते, तिथे उतरून सेप्टाची, म्हणजे फिलाडेल्फियाकडची लोकल ट्रेन घ्यायची, ती थेट फिलाडेल्फियाच्या मध्यात नेऊन सोडते. दोन्हीची तिकिटं वेगवेगळी काढावी लागतात हे लक्षात ठेवा. अ‍ॅमट्रॅकने, म्हणजे लांब पल्ल्याच्या गाडीने, लवकर पोचाल पण ऐनवेळी तिकीट काढलं तर पैसे बरेच जातात. सेप्टाची ट्रेन आधी ३०थ स्ट्रीटला थांबते, मग सबर्बन, मग जेफरसन, तुम्ही जेफरसनला उतरा. आमच्या शेजारचे काका ३०थ स्ट्रीटचं भव्य स्टेशन बघून हेच ते म्हणून उतरले आणि ऐन उन्हात नदी ओलांडून चालत आले, दिवसाची अर्धी ताकद तिथेच गेली. शनिवार-रविवारी गाड्या कमी असतात, परतीची वेळ सकाळीच बघून ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, इंडिपेन्डन्स हॉलचं तिकीट, म्हणजे अमेरिकेचं स्वातंत्र्याचं घोषणापत्र जिथे मंजूर झालं त्या इमारतीचं. आत जायला फी नाही, पण वर्षातले बहुतेक महिने वेळ ठरवलेलं तिकीट लागतं आणि ते रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी साइटवर मिळतं, माणशी १ डॉलर बुकिंगचा घेतात. मुलाला सांगून दोन-तीन आठवडे आधीच काढून ठेवा, आणि जुलै महिना असेल तर त्याच्याही आधी, कारण ४ जुलैच्या, म्हणजे त्यांच्या स्वातंत्र्यदिनाच्या आसपास सगळा देश तिथे लोटतो. साखळीचं एक जोडपं तिकिटाशिवाय गेलं, त्यांना बाहेरच्या लोखंडी कुंपणातून हॉल बघून परत यावं लागलं, आणि ती रुखरुख त्यांच्या बोलण्यात अजून येते. वेळ सकाळी दहा-साडेदहाची घ्या. त्याच्या अर्धा-पाऊण तास आधी सिक्युरिटीच्या लाइनीत उभं राहा, मोठी बॅग नको, आणि त्याच्याही आधी ६थ आणि मार्केट स्ट्रीटच्या कोपऱ्यावरच्या व्हिजिटर सेंटरमध्ये जाऊन बाथरूम वगैरे आटपून घ्या, पाण्याची बाटली भरून घ्या. मधुमेहवाल्यांनी खिशात काहीतरी खायला ठेवा, लाइन कधी कधी फार रेंगाळते.

आत रेंजर, म्हणजे जागेची देखभाल करणारे सरकारी लोक, माहिती सांगतात, टूर तशी छोटीच असते. इंग्रजी त्यांचं भरभर असतं, म्हणून जायच्या आधी थोडं वाचून गेलात तर प्रत्येक खोलीत काय झालं ते डोळ्यासमोर उभं राहतं. मी इथे थोडं सांगूनच ठेवते. आधी कोर्टाची खोली दाखवतात. तिला मधल्या दालनाच्या बाजूने दारच नाही, नुसत्या उघड्या कमानी, म्हणजे न्यायाचं काम कोणीही येऊन बघावं. जुलै १७७६ मध्ये बाहेरच्या अंगणात स्वातंत्र्याचं घोषणापत्र लोकांसमोर मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा याच खोलीतलं इंग्लंडच्या राजाचं चिन्ह लोकांनी काढून टाकलं होतं.

मग समोरची असेंब्ली रूम. हिरवं कापड घातलेली टेबलं, त्यावर पिसाच्या लेखण्या, मेणबत्त्या. खोली बघून बरेच जण म्हणतात, एवढीशीच? हो एवढीशीच. इथेच ४ जुलै १७७६ ला घोषणापत्र मंजूर झालं, सह्या मात्र बहुतेकांनी २ ऑगस्टला केल्या, एकूण ५६ सह्या. आणि इथेच १७८७ च्या उन्हाळ्यात खिडक्या बंद करून, बाहेर कोणाला काही कळू न देता राज्यांच्या प्रतिनिधींनी अमेरिकेची राज्यघटना तयार केली, १७ सप्टेंबरला सह्या झाल्या. तिची सुरुवात 'आम्ही लोक' अशी आहे, आपल्या घटनेची 'आम्ही भारताचे लोक' अशी, आणि आपल्या गोव्यात ती घटना १९६१ नंतर लागू झाली हे ज्यांच्या आईवडिलांनी डोळ्यांनी पाहिलं त्यांना या खोलीत उभं राहिल्यावर वेगळंच काहीतरी वाटतं, मला तरी वाटलं.

तिथलं बाकीचं फर्निचर त्या काळातलं असलं तरी बरंचसं दुसरीकडून आणलेलं आहे. पण समोर मधोमध जी उंच पाठीची खुर्ची आहे ना, ती खरी. जॉर्ज वॉशिंग्टन घटना बनवताना याच खुर्चीत बसायचे. तिच्या पाठीवर वरच्या बाजूला अर्धा सूर्य कोरलेला आहे, किरणांसकट, सोनेरी. लांबून पटकन दिसत नाही, गर्दीत मागे राहिलात तर मुळीच नाही, म्हणून खोलीत शिरताना दोरीजवळची जागा धरा. त्या प्रतिनिधींतले बेंजामिन फ्रँकलिन तेव्हा ८१ वर्षांचे होते, सह्या चालू असताना ते म्हणाले की इतके दिवस या सूर्याकडे बघत होतो, हा उगवतोय की मावळतोय ते कळत नव्हतं, आता कळलं, हा उगवता सूर्य आहे. रेंजर ही गोष्ट सांगतात तेव्हा लोक फोटो काढत असतात आणि ऐकायचं राहून जातं. फोटो नंतर काढा. आणि हो, मूळ घोषणापत्र इथे नाही, ते वॉशिंग्टन शहरातल्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये आहे, बरेच जण इथे शोधत बसतात. इथे शेजारच्या छोट्या इमारतीत, ती उघडी असेल तर, चांदीची दौत बघा, सह्यांसाठी तीच वापरली असं मानतात.

घंटा समोरच रस्त्यापलीकडे आहे, लिबर्टी बेल. तिला तिकीट नाही, फक्त तपासणीची लाइन. १७५२ मध्ये लंडनहून आणली, पहिल्यांदा वाजवून बघतानाच तडकली, मग इथल्याच दोन कारागिरांनी वितळवून पुन्हा ओतली, पास आणि स्टो अशी त्यांची नावं घंटेवर आहेत, शोधा. वजन साधारण ९४० किलो. आता एक बारकावा सांगते तो नक्की बघा. जी रुंद फट फोटोत दिसते ती खरं तर दुरुस्ती आहे, मूळची बारीक चीर वाढू नये आणि कडा एकमेकांना घासू नयेत म्हणून १८४६ मध्ये मुद्दाम रुंद केलेली. ती दुरुस्ती फसली आणि तिच्या वरच्या टोकापासून दुसरी एक केसाएवढी चीर वर गेली, त्या चिरेने घंटा कायमची मुकी झाली. ती बारीक चीर बघायला जरा बाजूला, उजेडाच्या दिशेला उभं राहावं लागतं. लिबर्टी बेल हे नाव तिला नंतर गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या लोकांनी दिलं, १८३० च्या दशकात, त्याआधी ती नुसती स्टेट हाउसची, म्हणजे याच इंडिपेन्डन्स हॉलची, घंटा होती.

आणि म्हणूनच घंटा बघून लगेच पाठ फिरवू नका, त्याच इमारतीच्या दारापाशी, ६थ आणि मार्केटच्या कोपऱ्याला प्रेसिडेंट्स हाउसची जागा आहे, उघड्यावर, नुसत्या भिंतींच्या खुणा आणि काचेखाली जुना पाया. १७९० ते १८०० हे शहर देशाची राजधानी होतं तेव्हा पहिले राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन आणि नंतर दुसरे, अ‍ॅडम्स, इथे राहायचे. वॉशिंग्टननी इथे नऊ गुलाम ठेवले होते. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्याने सहा महिने राज्यात राहिलेला गुलाम सुटका मागू शकायचा, म्हणून मुदत भरायच्या आत त्यांना राज्याबाहेर नेऊन परत आणायचे. त्यातली ओना जज नावाची मुलगी १७९६ मध्ये घरचे जेवायला बसलेले असताना बाहेर पडली आणि जहाजाने न्यू हॅम्पशरला निघून गेली, कधीच परत आली नाही. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त मास्तरांना अख्ख्या शहरात ही जागा सगळ्यात जास्त लागली, तिथल्या बाकावर बराच वेळ बसून होते म्हणाले. गोव्यातही पोर्तुगीजांच्या काळात आफ्रिकेतून माणसं विकायला आणायचे, आपण त्यावर फार बोलत नाही. इथे थांबा. फुकट आहे, लाइन नाही, आणि बहुतेक लोक नुसते पुढून निघून जातात.

एव्हाना भूक लागलेली असणार. रेडिंग टर्मिनल मार्केटला जा, १८९३ पासूनचा बाजार, तुम्ही उतरलात त्या जेफरसन स्टेशनच्या अगदी शेजारी. दुपारी बारा ते दीड बसायला जागा मिळत नाही, दोननंतर जा. खेड्यातून येणारे आमिश लोक, म्हणजे अजून जुन्या पद्धतीने राहणारा ख्रिस्ती समाज, तिथे स्टॉल लावतात, ते रविवारी बंद असतात, म्हणून शक्यतो गुरुवार ते शनिवार यातला दिवस निवडा. चीजस्टेक, म्हणजे लांब पावात मांसाचे पातळ काप आणि चीज, ही या शहराची खास डिश, पण ती बीफची असते, चालत नसेल तर चिकनची मागा आणि तव्यावर एकत्र भाजतात का ते सरळ विचारून घ्या, कोणी वाईट मानत नाही. शाकाहारी असाल तर गरम प्रेट्झेल, मॅक अँड चीज, ताजी फळं मिळतील, आणि बॅसेट्सचं आइस्क्रीम, तो धंदा १८६१ पासूनचा. काउंटरवर टिप सक्तीची नाही, बसून जेवायच्या हॉटेलात मात्र अठरा-वीस टक्के धरूनच चला. कपड्यांवर या राज्यात टॅक्स नाही, नातवंडांना काही घ्यायचं असेल तर इथेच घ्या.

जेवण झाल्यावर आर्च स्ट्रीटने पूर्वेला, नदीच्या दिशेने चालत या. ५थ स्ट्रीटच्या कोपऱ्यावर क्राइस्ट चर्चची दफनभूमी, तिथे फ्रँकलिनची कबर कुंपणातूनही दिसते. लोक तिच्यावर पेनी, म्हणजे एक सेंटचं नाणं, टाकतात, नशीब उघडतं म्हणून. त्या नाण्यांच्या माऱ्याने दगड खराब होऊन दुरुस्ती करावी लागली होती, तुम्ही टाकू नका. पलीकडेच अमेरिकेची टांकसाळ आहे, नोव्हेंबर २०२५ मध्ये चलनासाठीची शेवटची पेनी तिथेच पाडली. आत जायचं तर कामाच्या दिवशी, पण पाय दुखत असतील तर सोडा.

एल्फ्रेथ्स अ‍ॅली मात्र सोडू नका. छोटीशी दगडी गल्ली, दोन्ही बाजूंना विटांची ३२ घरं, १७०० च्या सुरुवातीपासून १८३० च्या दशकापर्यंत बांधलेली, आणि त्यात अजून माणसं राहतात. पणजीत फोंताइन्याशमध्ये लोकांच्या पायऱ्यांवर बसून फोटोशूट करणाऱ्यांनी रहिवाशांना किती पिडलंय ते आपल्याला माहीत आहे, तेव्हा खिडकीतून डोकावू नका, पायरीवर बसू नका, बोलायचं तर हळू. दरवाजे, लाकडी झडपा, खिडकीतल्या कुंड्या, आरामात बघत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जा. जमीन उंचसखल आहे, चपला नकोत, बूट घाला, मावशीचा गुडघा इथेच मुरगळला होता. एक-दोन घरांचं म्युझियम आहे, उघडं असलं तर आत जाऊन या, खोल्यांची उंची बघून तेव्हाचे कामकरी लोक कसे राहायचे ते समजतं.

हवेचं म्हणाल तर जुलै-ऑगस्टात आपल्या मे महिन्यासारखा घाम येतो, डिसेंबर ते फेब्रुवारी कडाक्याची थंडी, आईबाबांसाठी मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम. गणपतीची चवथ करून निघालात तर ऑक्टोबर बरोबर साधतो. परत जाताना २न्ड स्ट्रीटवरून मेट्रो घ्या म्हणजे चालायला नको, ११थ स्ट्रीटला उतरलात की जेफरसन लागूनच. ट्रेंटनची गाडी फलाटावर फार आधी लागत नाही, बोर्डावर नंबर लागेपर्यंत वर बाकावर बसा, आणि ट्रेंटनहून पुढचं तिकीट मोबाइलवर आधीच काढलेलं असू द्या.