बाबांच्या काँप्युटरवरचा जुना व्हीएलसी

गिरगावच्या घरी बाबा संध्याकाळी डेस्कटॉपवर नाटकं बघतात. परवा शेजाऱ्यांच्या पेन ड्राइव्हवरची एक फाईल लावली आणि व्हीएलसी, म्हणजे व्हिडिओ दाखवणारा प्लेअर, गपकन बंद. तीनदा लावली, तीनदा तेच. "फाईलच खराब असेल रे," बाबा म्हणाले.

मी 'हेल्प'मध्ये जाऊन 'अबाउट' उघडलं. आवृत्ती ३.०.६, म्हणजे जानेवारी २०१९ची! त्याच वर्षी जूनमध्ये आलेल्या ३.०.७मध्ये सुरक्षेच्या तिसाहून जास्त चुका दुरुस्त झाल्या होत्या. त्यातल्या बऱ्याच युरोपियन युनियनने बक्षिसं लावून शोधून घेतलेल्या. प्लेअरला काय धोका, असं मलाही वाटायचं. पण मुद्दाम बिघडवलेली व्हिडिओ फाईल मेमरीत ठरलेल्या जागेबाहेर लिहू शकते; तेवढ्यावर कोणी परका स्वतःचा कोड आपल्या काँप्युटरवर चालवू शकतो. २०१७मध्ये तर सबटायटलच्या फाईलमधूनही हे करता येतं असं उघड झालं होतं.

सर्चमधल्या जाहिरातीवर क्लिक न करता व्हीएलसीची मूळ साइट, व्हिडिओलॅन डॉट ऑर्ग, हाताने टाइप केली. (जाहिरातीतून एकदा भलताच टूलबार घरी आणलाय.) फाईल उतरवली, पॉवरशेलमध्ये (विंडोजमधली कमांड टाइप करायची खिडकी) 'गेट-फाईलहॅश' चालवलं; त्यातून फाईलचा ठसा, म्हणजे हॅश निघतो, आणि तो साइटवरच्याशी जुळला की फाईल अस्सल. साइटवरच्या हॅशची ६४ अक्षरं बाबांनी चष्मा सावरत वाचली, मी स्क्रीनवर बोट ठेवून जुळवली. मधेच "बी की डी?" वरून थोडं भांडण. मग जुना काढला, नवा टाकला.

नाटकाची ती फाईल मात्र नव्यावरही दुसऱ्या अंकात अडकते. प्लेअर बंद पडत नाही, एवढंच. बाबा खूश आहेत, त्यांचंच खरं ठरलं म्हणून.